ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर गरवायला जाताय? व्हिसापासून परवान्यापर्यंत, जिथे हमखास अडतं ते

ऐरोली-वाशीच्या खाडीवर रविवारी रॉड घेऊन बसणाऱ्या बऱ्याच जणांची मुलं आज ब्रिस्बेनला नाहीतर सिडनीला आहेत. त्यामुळे दिवाळी झाली की एकच प्रश्न येतो: मुलाकडे जातोय, तिथे समुद्रावर गळ टाकायला काय काय लागतं? गोल्ड कोस्टपासून बायरन बेपर्यंतचा तो पट्टा खरोखर सुंदर आहे. पण आपल्या ओळखीतले लोक तिथवर पोहोचायच्या आधीच कागदांत अडकताना मी पाहिलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पर्यटक व्हिसाचा अर्ज, म्हणजे सबक्लास ६००, ऑनलाइन भरायचा. फॉर्म, फोटो, फी एका संध्याकाळी उरकतं. अडतं ते मराठी कागदांवर. शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, जुना जन्मदाखला, जे काही इंग्रजीत नाही त्याचं भाषांतर जोडावं लागतं. इथे लोक कोर्टाबाहेर टाइप करून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि निश्चिंत होतात. तेवढं पुरत नाही. भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर आणि त्या भाषेतली त्याची पात्रता व अनुभव इंग्रजीत लिहिलेला असावा लागतो. नोटरी सही ओळखतो, भाषांतराची जबाबदारी घेत नाही. भाषांतर करून घेतानाच हे चार तपशील शेवटी लिहून मागा. नंतर त्या माणसाला शोधत फिरणं फार त्रासाचं होतं.

दुसरी अडचण आपल्या घराघरातली. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होती, आणि दाखल्यावर कधी माहेरचं तर कधी सासरचं नाव लागलं. बाहेरच्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात, त्यात त्याचा दोष नाही. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. ते नसेल, आणि साठीच्या पुढच्या बहुतेक जोडप्यांकडे ते नसतंच, तर आधी प्रतिज्ञापत्र करा आणि अर्जासोबत अर्ध्या पानात सगळा खुलासा लिहा. हा अर्धा पानाचा कागद कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही. द्या.

बँकेच्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी दोन-चार लाख भरू नका. मुलानेच पैसे पाठवले असतील तर त्याचं तसं पत्र लावा. कळव्याच्या एका काकांनी मुलाच्या पैशाची एफडी मोडून खात्यात टाकली, त्यावर एक ओळही लिहिली नाही, आणि पैसा कुठून आला हे पटलं नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. माणूस खरा, पैसा खरा, फक्त तो कुठून आला ते कागदावर नव्हतं.

व्हिसा मिळाल्यावर पत्र नीट वाचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर' ही शेवटची तारीख देशात शिरण्यासाठी आहे, परतीची नाही. राहण्याची मुदत वेगळी लिहिलेली असते, उदाहरणार्थ प्रत्येक प्रवेशापासून ३ महिने. व्हिसावर वर्षभरानंतरची तारीख बघून वर्षभर राहता येतं असं समजू नका. अट क्रमांक ८५०३ दिसली तर तिथे बसून मुदत वाढवण्याची आशा धरू नका.

आता गळाचा परवाना. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट ज्या राज्यात येतात त्या क्वीन्सलंडमध्ये समुद्रात हौसेने मासे धरायला परवाना लागत नाही. हे ऐकून लोक निर्धास्त होतात आणि गोल्ड कोस्टच्या दक्षिण टोकाच्या कुलंगाटातून चालत शेजारच्या ट्वीड हेड्सला जातात. तिथे न्यू साउथ वेल्स, म्हणजे सिडनीचं राज्य सुरू होतं, हद्द रस्त्यावरच आहे, आणि तिथे शुल्क भरावंच लागतं: ३ दिवसांना ७ डॉलर, महिन्याला १४, वर्षाला ३५. नुसती दोरी टाकली, आमिष गोळा केलं, किंवा पाण्याकाठी सामान घेऊन उभे राहिलात तरी ते लागू होतं. १८ वर्षांखालच्यांना माफी आहे. 'पेन्शनरांनाही माफी आहे' असं वाचून आपले निवृत्त लोक फसतात. ती माफी ऑस्ट्रेलियन सरकारचं पेन्शनर कार्ड असलेल्यांना आहे, आपल्या पेन्शन बुकला नाही. चार्टर बोटीवर जात असाल तर बोटवाल्याने शुल्क भरलंय का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. पावती सोबत हवी.

परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असा गैरसमज करू नका. आपला जिताडा तिथे बारामुंडी नावाने मिळतो, बंडाबर्गच्या बाजूला. पण क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरच्या दुपारी १२ पासून १ फेब्रुवारीच्या दुपारी १२ पर्यंत तो धरायला बंदी असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. म्हणजे नेमकी आपली दिवाळीनंतरची सहल. चुकून लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. चिंबोऱ्यांचं तर आपल्याकडच्या उलट आहे. आपण लाखेने, म्हणजे अंड्यांनी भरलेली मादी निवडून घेतो, क्वीन्सलंडमध्ये खाडीतली मादी चिंबोरी धरायचीच नाही, नर तेवढे, तेही १५ सेंटीमीटरच्या वरचे. ब्रिस्बेनजवळच्या मोरटन बेमध्ये नकाशावर हिरव्या दाखवलेल्या संरक्षित पट्ट्यांत गळ टाकणंच मना आहे. आदल्या रात्री 'क्वीन्सलंड फिशिंग' आणि न्यू साउथ वेल्सचं 'फिशस्मार्ट' ही दोन्ही सरकारी अ‍ॅप उघडून पाहा.

सामानाबद्दल कळकळीने सांगतो. इथल्या खाडीचा चिखल लागलेला रॉड, बूट, जाळं स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवूनच बॅगेत घाला, आणि विमानातल्या कार्डावर ते जाहीर करा. सोबतची सुकट, बोंबील, जवळा हेही. जाहीर केल्यावर फार तर ती वस्तू काढून घेतील. लपवलीत तर दंड होतो आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो. तिथे गेल्यावर बाजारातली खायची कोळंबी आमिषाला लावू नका. २०१६ मध्ये लोगन नदीकाठच्या कोळंबी तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरला, तेव्हापासून तिकडे याबाबत फार काटेकोरपणा आहे. आमिषाच्या दुकानातूनच घ्या, आणि कच्ची कोळंबी राज्याची हद्द ओलांडून नेऊ नका.

भाड्याने होडी घ्यायची असेल तर आपलं मोटारीचं लायसन्स चालत नाही. क्वीन्सलंडमध्ये ४.५ किलोवॅट, म्हणजे साधारण ६ हॉर्सपॉवरपर्यंतच्या इंजिनाला बोटीचा परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्सचं घड्याळ क्वीन्सलंडच्या एक तास पुढे असतं. कुलंगाटाला उतरलात आणि बोट ट्वीड हेड्सहून पहाटे ५ ला सुटणार असेल, तर तुमच्या मनगटावर ४ वाजलेले असतील.