पावडर वर, जखम आत

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ लाल दिसू लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. तिथं स्पिरिट लावून चांगलं चोळा आणि वर पावडर टाका, हा पहिला. दुसरा, मधोमध भोक असलेली हवेची गोल गादी आणा, म्हणजे दुखरा भाग अधांतरी राहील. दोन्ही मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्हींनी नुकसान होऊ शकतं. बेडसोअर म्हणजे कातडी घासून, घामेजून झालेली वरवरची जखम, असं आपण धरून चालतो. ओलाव्यानं कातडी सोलवटते हे खरं, पण खोल बेडसोअरची सुरुवात बहुधा आत, हाडालगतच्या स्नायूत होते. कातडी फुटते ती शेवटी.

उताणं झोपल्यावर अंगाचा भार सगळीकडे सारखा पडत नाही. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, कुशीवर असताना खुबा, अशा उंचवट्यांवर तो एकवटतो. बोटाचं नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं. केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, मिटल्या की रक्त थांबतं, ऑक्सिजन मिळत नाही आणि पेशी गुदमरतात, इथवर शाळेतलंच आहे.

1930 मध्ये यूजीन लँडिस या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांच्या नखाशेजारच्या केशवाहिन्यांत अतिबारीक काचनळी घालून आतला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी पाऱ्याचे 32 मिलिमीटर निघाला. पुढे हाच आकडा गाद्यांच्या जाहिरातींत शिरला. आमच्या गादीवर दाब 32 च्या खाली, म्हणजे बेडसोअर नाहीच! पण बोटाच्या टोकाशी मोजलेला आकडा खंगलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या माकडहाडाला कसा लागू पडेल? शिवाय गादीवर ठेवलेला मापक कातडीवरचा दाब सांगतो. हाडाच्या टोकाशी स्नायू किती चेंगरलाय, हे त्याला कळत नाही.

आणि या चेंगरण्यातच खरी मेख आहे. पेशीला आकार देणारा प्रथिनतंतूंचा एक सांगाडा असतो. हाडानं स्नायू दाबला, ताणला, वाकडा केला की हा सांगाडा मोडू लागतो. त्याच्या आधारानं उभं असलेलं पेशीचं आवरण ताणून झिरपायला लागतं. बाहेरचे कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि पेशी आपल्याच विकरांनी (एन्झाइमांनी) स्वतःला पचवू लागते. रक्त अडून स्नायू मरायला काही तास लागतात, पण फार मोठ्या ताणानं ही पडझड काही मिनिटांतही सुरू होऊ शकते. मरणाऱ्या पेशींच्या रसायनांमुळे सूज येते. सुजेचं पाणी अडकून दाब आणखी वाढवतं, आणखी केशवाहिन्या मिटतात, शेजारच्या पेशींची पाळी येते. पुढे दाब निघाला आणि रक्त परत धावलं, तरी त्या ऑक्सिजनपासून तयार होणारी मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स), म्हणजे दिसेल त्याच्याशी झटापट करणारे रेणू, आधीच लुळ्या झालेल्या पेशींना वेगळा तडाखा देतात. कातडी या सगळ्याला स्नायूपेक्षा जास्त चिवट असते, म्हणून वरून नुसता जांभळट डाग दिसतो आणि आत पोकळी झालेली असते.

आता चोळण्याचं काय होतं ते कळेल. आधीच ताणलेल्या पेशींना आपण आणखी ताण देतो. गोल गादीच्या काठावर दाब वाढतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवतात, त्याचाही उपयोग नाही. पोटरीखाली सबंध लांबीची उशी द्यायची, म्हणजे टाच कशालाच टेकत नाही.

दाबाचा एक छुपा भाऊ आहे, सरक. खाटेची डोक्याकडची बाजू 30 अंशांहून जास्त उचलली की माणूस हळूहळू पायांकडे घसरतो. कातडी चादरीला धरून राहते, हाडं मात्र खाली जातात. स्नायूतून कातडीकडे उभ्या येणाऱ्या रक्तवाहिन्या या दोन थरांमध्ये वाकतात. सरक पुरेशी असेल तर रक्त अडवायला एरवीच्या निम्मा दाबही पुरतो. म्हणून जाणत्या सिस्टर आधी गुडघ्यांकडची बाजू उचलतात, मग पाठ, आणि रुग्णाला वर घेताना काखेत हात घालून ओढत नाहीत, दोघी मिळून चादरीसकट उचलतात.

एकोणिसाव्या शतकात शार्कोसारख्या मोठ्या मज्जाविकारतज्ज्ञाचंही मत असं होतं की ही जखम मज्जासंस्थेच्या इजेमुळे होते. ब्राउन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याआधीच, 1850 च्या दशकात, मज्जारज्जू कापलेल्या गिनीपिगांत दाब आणि ओल टाळली तर व्रण होत नाहीत हे दाखवलं होतं. तरी ‘पाठ फुटली म्हणजे दिवस भरले’ हे वाक्य आजही ऐकू येतं. नशिबाच्या गळ्यात घातलं की कूस बदलायला रात्री कोणी उठायला नको!

इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात 1944 पासून डॉक्टर लुडविग गुटमन यांनी कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलायला लावली. पण शिस्तीनं मोजमाप केलं ते डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेनं. त्यांच्या गटाच्या 1962 च्या अभ्यासात कोणता लेप लावला यापेक्षा किती वेळा हलवलं, याला जास्त महत्त्व असल्याचं दिसलं. प्रकृती, भान, चालणं-फिरणं, हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी 1 ते 4 गुण देणारी त्यांची मोजपट्टी अजून वापरात आहे. एकूण 14 किंवा कमी आले की धोका.

दोन तास हा आकडा मात्र दगडावरची रेघ नाही. नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचारिका-संशोधकांनी अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांतल्या 942 वृद्धांवर 2, 3 आणि 4 तासांचं अंतर तपासलं. 2013 च्या निष्कर्षांत लक्षणीय फरक निघाला नाही. पण ते सगळे दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते आणि वळवताना त्यांची कातडी नीट पाहिली जात होती. साध्या गादीवरच्या माणसाला यातून चार तासांची सवलत मिळत नाही.

कातडी पाहायची रीत सोपी आहे. लाल भाग बोटानं दाबून सोडा. तो क्षणभर पांढरा होत नसेल तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही, त्यामुळे निदानाला उशीर होतो. तिथं हाताची पाठ लावून शेजारच्या भागाशी तुलना करायची. जास्त गरम किंवा थंड, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का, दुखतंय का, हे बघायचं. तसं काही आढळलं तर तो भाग पुन्हा अंगाखाली येणार नाही अशी कूस द्यायची आणि सिस्टरांना किंवा डॉक्टरांना लगेच दाखवायचं.