जातीचा रकाना: जनगणनेतील नोंदीची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील विधानसभेच्या १५ मतदारसंघांपैकी बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी हे चार अनुसूचित जमातींसाठी, तर देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००१ च्या जनगणनेतील आकड्यांवर बेतलेली ही रचना २००८ च्या पुनर्रचनेत अमलात आली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. तीत अनुसूचित जमातींचे १५,६४,३६९ आणि अनुसूचित जातींचे ५,५४,६८७ लोक होते. आदिवासींची संख्या राज्यात सर्वाधिक असलेला जिल्हा तो हाच. उरलेल्या सुमारे ४० लाख लोकांची जात कोणती, याचे उत्तर मात्र जनगणनेच्या एकाही तक्त्यात सापडत नाही, कारण त्यांना तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता. येत्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. त्यावरचा वाद बहुधा 'मोजावी की मोजू नये' एवढ्यापुरताच चालतो. या मोजणीचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर खरी अडचण डोकी मोजण्यात कधीच नव्हती असे दिसते. लोक सांगतात ती नावे कोणत्या यादीत बसवायची आणि ती यादी कोणी करायची, या प्रश्नावर हे काम दर वेळी अडले.

मराठीत जनगणनेला जुना शब्द 'खानेसुमारी', म्हणजे घरांची मोजदाद. इंग्रजी अमलातील पहिली देशव्यापी खानेसुमारी १८७२ ची म्हणून ओळखली जाते, तरी ती सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळी सगळीकडे झालेली पहिली मोजणी १८८१ ची. दारात आलेला गणनाकार जात विचारी, घरमालक जे सांगेल ते लिहून घेई, आणि मग कचेरीत त्या नावांचे गट पाडले जात. या गटवारीचा नमुना म्हणून १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा खंड पाहता येतो. त्यात लोकांची मांडणी ब्राह्मण, लेखनिक, व्यापारी, शेतकरी, कारागीर अशी मुख्यतः व्यवसायावरून केली आहे. जात सांगणारा माणूस वेगळा आणि तिला कप्पा देणारा वेगळा, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

१९०१ मध्ये जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी जातींची मांडणी सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने करण्यास सांगितले. शिवाय नाकाच्या लांबी-रुंदीवरून वंश ठरवण्याच्या, आज हास्यास्पद वाटणाऱ्या शास्त्रावरही त्यांचा विश्वास होता. सरकारी कागदावर उतरंड छापली जाणार म्हटल्यावर जातीजातींच्या सभा जाग्या झाल्या. आपले नाव बदलावे, आपल्याला क्षत्रिय वा ब्राह्मण म्हणून नोंदवावे, अशा अर्जांची रीघ लागली. १९११ च्या बंगालच्या अहवालात अशा अर्जांचे वजन दीड मण भरल्याचा उल्लेख आहे. जनगणनेने समाजाचे चित्र काढले असे आपण म्हणतो, पण इथे चित्र निघण्याआधीच समाज त्यासाठी सावरून बसू लागला होता. सर्व जातींची शेवटची संपूर्ण मोजणी जे. एच. हटन यांच्या देखरेखीखाली १९३१ मध्ये झाली आणि तीत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. १९४१ मध्येही जात विचारली गेली, परंतु महायुद्धाच्या काळात जातवार तक्ते तयारच झाले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला आणि १९५१ पासून धोरण पालटले. जातभेद मिटवू पाहणाऱ्या राज्याने जात विचारू नये, अशी त्यामागची भूमिका होती. अपवाद मुख्यतः अनुसूचित जाती व जमातींचा, कारण राखीव जागांचे गणित त्यांच्या संख्येवर उभे होते. 'अनुसूचित' या शब्दाचा अर्थ यादीत घातलेले एवढाच. दलित जातींची पहिली यादी १९३६ च्या आदेशाने निघाली होती; संविधानाच्या अनुच्छेद ३४१ व ३४२ खाली १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने नव्या याद्या आल्या आणि त्यांत फेरफार करण्याचा अधिकार संसदेकडे राहिला. आता प्रगणकाच्या हाती यादी असे. तीत नाव असेल तर त्याची नोंद होई, नसेल तर त्या माणसापुरता रकाना मुका राही. 'हरिजन' यासारखे मोघम उत्तर लिहू नये, नेमके नाव विचारावे, अशी प्रगणकांना सूचना असे. दाखला मात्र मागायचा नसे. सांगितले ते लिहायचे. जनगणनेतील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हेही याच कायद्यात आहे, त्यामुळे जातपडताळणी समितीपुढे तिचा उपयोग नाही. (ज्या स्त्रीला रूढीने नवऱ्याचे नाव घेण्यास मनाई आहे, तिच्यावर ते सांगण्याची सक्ती नाही, अशी तरतूदही या कायद्यात आहे. कायदा करणाऱ्यांना उंबरठ्यावरचे संभाषण ठाऊक होते असे म्हणावे लागते.)

यादीची ताकद किती, हे नाशिककरांना दूर जाऊन पाहावे लागत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प्रत्यक्षात आली. पुढच्या जनगणनेत तिचे प्रतिबिंब उमटले: महाराष्ट्रात १९५१ मध्ये अवघे २,४८७ बौद्ध होते, १९६१ मध्ये ते २७,८९,५०१ झाले. धर्माच्या रकान्यातील हा बदल जातीच्या रकान्याला भोवला. अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू किंवा शीख असली पाहिजे, अशी आदेशातील अट होती. त्यामुळे ज्याने अभिमानाने 'बौद्ध' असे सांगितले, तो जनगणनेच्या लेखी अनुसूचित जातीत उरला नाही. माणसे त्याच वस्तीत, त्याच घरांत होती आणि त्यांच्याशी होणारा व्यवहारही पालटला नव्हता; आकडा तेवढा गळाला. राज्याने नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० उजाडावे लागले. त्यानंतरच्या १९९१ च्या जनगणनेत राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. या उडीकडे केवळ जन्मदराच्या चष्म्यातून पाहणाऱ्याची दिशाभूल ठरलेली आहे.

जमातींना धर्माची अट नाही. तिथे घोळ नावांचा आणि हद्दींचा. सुरुवातीच्या याद्यांत काही जमातींना ठरावीक जिल्ह्यांत वा तालुक्यांतच मान्यता होती. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन निघाले आणि राज्यातील अनुसूचित जमातींचा आकडा १९७१ मधील सुमारे २९.५ लाखांवरून १९८१ मध्ये सुमारे ५७.७ लाखांवर पोहोचला. दहा वर्षांत जवळपास दुप्पट झालेल्या या संख्येत नैसर्गिक वाढ किती, हद्द उठल्याने आत आलेले किती आणि नामसाधर्म्याचा आधार घेणारे किती, यावर पुढे न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडा चालला. नुसता 'कोळी' हा शब्द जमातींच्या यादीत नाही. 'कोळी महादेव', 'कोळी मल्हार', 'कोळी ढोर' आहेत. कोळी महादेव असल्याच्या दाव्यावरील माधुरी पाटील प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. उलट सुरगाणा-पेठ भागातील 'कोकणा', 'कोकणी' आणि 'कुकणा' ही तिन्ही रूपे यादीत एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे कोणी कसाही उच्चार केला तरी बेरीज एकच होते. धनगर समाजाचे म्हणणे असे, की यादीतील 'धनगड' म्हणजे आपणच, एका अक्षराचा फरक पडला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मान्य केले नाही. विमुक्त आणि भटक्या जमातींना राज्यात वेगळे आरक्षण असले, तरी जनगणनेत त्यांचा स्वतंत्र रकाना कधी नव्हता.

कप्प्यांचा हा खेळ आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १७९० पासून जनगणनेत वंश नोंदला जातो, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो प्रगणकच बघून ठरवी. १९२०, १९३० आणि १९४० मध्ये तिथे 'हिंदू' हा चक्क एक वंश होता व त्यात भारतातून गेलेले शीख आणि मुसलमानही धरले जात. १९७० मध्ये हेच लोक गोरे ठरले आणि १९८० मध्ये त्यांना 'आशियाई भारतीय' असा स्वतंत्र रकाना मिळाला.

आपल्याकडे इतर मागासवर्गांची अवस्था सर्वांत विचित्र झाली. मंडल आयोगाने १९८० मध्ये त्यांचे प्रमाण ५२ टक्के धरले, तेही १९३१ च्या आकड्यांवरून. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षण तपशीलवार आकडेवारीअभावी अडवले, तेव्हा राज्याने २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीची माहिती केंद्राकडे मागितली. मूळ जनगणनेहून वेगळ्या असलेल्या या पाहणीत जात मोकळेपणाने विचारली होती, यादी न बांधता. सप्टेंबर २०२१ मधील केंद्राच्या प्रतिज्ञापत्रानुसार देशभरातून ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली. महाराष्ट्रात अधिसूचित जाती-जमाती ४९४ असताना नोंदली गेलेली नावे ४,२८,६७७ भरली. आडनावे, पोटजाती, कुळे, गोत्रे आणि एकाच नावाची नाना लेखने, सारे एका रकान्यात आले होते. माहिती सदोष म्हणून ती मिळाली नाही. अखेर राज्याने समर्पित आयोग नेमला आणि जुलै २०२२ मध्ये त्याच्या अहवालावर आरक्षण परत आले. आयोगाचे अध्यक्ष जयंतकुमार बांठिया हे २००१ च्या जनगणनेच्या वेळी देशाचे जनगणना आयुक्त होते, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

दोन टोके अशी पाहून झाली आहेत. १९५१ नंतरच्या बंद यादीने आकडा स्वच्छ दिला, पण यादीबाहेरचा समाज दिसेनासा केला. २०११ च्या मोकळ्या रकान्याने सर्वांना बोलू दिले, पण त्याची बेरीज होईना. मोबाइल अ‍ॅपवर भरल्या जाणाऱ्या येत्या जनगणनेत 'माळी' आणि 'फुलमाळी' वेगळे मोजायचे की एकत्र, हा निर्णय मोजणीनंतर कचेरीत घेतला तर २०११ चीच पुनरावृत्ती होईल. तो आधी घेऊन, राज्यांच्या याद्यांशी ताडून, लोकांसमोर ठेवला पाहिजे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्रासह बहुतेक देशासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्याआधीच्या घरयादीच्या टप्प्यात कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर, एवढेच विचारायचे आहे. इतरांच्या जातीचे नाव प्रगणक दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ मध्ये, दारात येईल तेव्हा विचारले जाईल.