मधुमेहाचे स्वव्यवस्थापन : विविध समाजांसाठीचे शिक्षण

मधुमेह असलेल्या व्यक्तीला तिच्या भाषेत आणि तिच्या खाण्यापिण्याला, सणवारांना धरून आजार सांभाळायला शिकवण्याची पद्धत. डॉक्टरांची भेट वर्षातून चार-दोनदा होते. ताटात किती भात घ्यायचा, गोळी कधी घ्यायची, पायावरची जखम दाखवायची की नाही, हे बाकीचे सगळे दिवस रुग्णच ठरवत असतो.

या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील लेस्टर. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांपैकी अनेक गुजरातीभाषक कुटुंबे येथे स्थिरावली. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेह कमी वयात आणि कमी वजनावर होतो. म्हणून ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी धोक्याची पातळी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ऐवजी २३ पासून धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?’ या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर सापडणार नाही.

लेस्टरशी जोडलेला ‘डेसमंड’ हा सहा तासांचा गटवर्ग आहे. त्यात व्याख्यान नसते. ‘तुम्हाला मधुमेह कशामुळे झाला असे वाटते?’ अशा विचारपुशीतून रुग्ण स्वतःच बोलू लागतो. ८२४ जणांवरील चाचणीत (२००८) वर्गाला आलेल्यांचे वर्षाअखेर वजन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले, धूम्रपान घटले आणि आजाराविषयीची समज सुधारली. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच उतरली. दक्षिण आशियाई लोकांसाठी याच वर्गाचे वेगळे रूप तयार झाले.

असे रूप करताना पत्रकाचे भाषांतर हा सर्वांत सोपा आणि सर्वांत अपुरा भाग असतो. ज्यांना मातृभाषा बोलता येते पण वाचता येत नाही, त्यांना छापील पान काय सांगणार? शिवाय पाव-बटाट्याच्या तक्त्यावरून रोटली, खिचडी, आमटीचा अंदाज येत नाही. जेवणारा एक आणि रांधणारी दुसरी, अशा घरात वर्गाला सासू-सुनेनेही यावे लागते.

रमजानचा प्रश्न आणखी नाजूक. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर रोज्यात एकदम खाली जाऊ शकते. म्हणून सहा-आठ आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून डोस आणि वेळा बदलून घ्यायच्या असतात. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गेली, तर रोजा सोडावा, असा सल्ला दिला जातो. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे इमामांच्या तोंडून कळले की लोक निर्धास्तपणे तपासतात.

संस्कृतीशी जुळवलेल्या शिक्षणाच्या ३३ चाचण्यांचा कॉक्रेन या संशोधन-संस्थेचा आढावा (२०१४) सांगतो की सहा महिन्यांनी एचबीए१सी नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी असते. वर्षाने हा फरक घटतो. एकदाच वर्ग घेऊन भागत नाही.

मराठी घरातही हेच लागू पडते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेला बटाटा खाऊन ‘आज उपास, काही खाल्लं नाही’ म्हणणाऱ्या आजींच्या पोटात पिष्टच जास्त गेलेले असते. त्यांना उपास सोडा म्हणण्यापेक्षा वरई-साबुदाण्याचे माप कमी करून दाणे, ताक, काकडी वाढवा असे सांगितले, तर त्या ऐकण्याची शक्यता जास्त.