परिपत्रक (स्थानिक स्वराज्य संस्था)

वरिष्ठ कार्यालयाने हाताखालच्या कार्यालयांना एखाद्या विषयावर एकाच वेळी दिलेली लेखी सूचना म्हणजे परिपत्रक. महाराष्ट्रात ग्रामविकास विभागाचे परिपत्रक जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या पायऱ्या उतरत ग्रामपंचायतीत पोहोचते. महापालिकेत ते आयुक्तांकडून खातेप्रमुखांकडे आणि तिथून प्रभागांत जाते. धोरण आणि मंजुरी शासन निर्णयाने येते. प्रत्यक्ष काम कसे करायचे ते परिपत्रक सांगते. म्हणून त्याचा खरा वाचक शेवटच्या टेबलावर बसतो: ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), करवसुलीचा लिपिक, आवक-जावक सांभाळणारा कर्मचारी.

राज्यकारभाराच्या भाषेला वळण लावण्याचा प्रयत्न जुना आहे. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राजव्यवहारकोशात फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने पदनाम कोश, शासन व्यवहार कोश असे कोश तयार केले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभारात, तर २०२२ च्या स्थानिक प्राधिकरणांसाठीच्या अधिनियमाने महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्या कामकाजात मराठी आणली. कोशांमुळे संज्ञांचा प्रश्न बराच सुटला. वाक्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

नेहमी दिसणाऱ्या साच्यातले एक वाक्य घेऊ: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या अधिनस्त ग्रामपंचायतींकडील थकबाकीची माहिती विहित नमुन्यात तात्काळ सादर करण्याची दक्षता घेण्यात यावी.’ यात व्याकरणाची चूक नाही. पण माहिती कोणी भरायची, कोणत्या नमुन्यात, कोणत्या तारखेपर्यंत, यातले काहीच कळत नाही. तेच असे लिहिता येते: ‘ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी थकीत घरपट्टीचे आकडे नमुना ९ (कर मागणी नोंदवही) वरून घेऊन सोबतच्या तक्त्यात भरावेत आणि तक्ता ३१ जानेवारीपर्यंत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा.’ ‘करण्यात यावी’ या रचनेत कर्ता लपतो. काम राहिले की जाब मात्र सर्वांत खालच्या माणसालाच विचारला जातो. म्हणूनच स्पष्ट लिहिणे हा कर्मचाऱ्याला न्याय देण्याचाही प्रश्न आहे.

एकाच गोष्टीला एकच नाव वापरणे हे दुसरे पथ्य. पुणे महापालिका ज्याला मिळकतकर म्हणते, त्याला मुंबईत मालमत्ता कर म्हणतात आणि खेड्यात घरपट्टी. प्रत्येक नाव आपापल्या जागी रुळलेले आहे, ते बदलण्याचे कारण नाही. पण एकाच परिपत्रकात तिन्ही नावे आली, तर तीन वेगळ्या आकारण्या आहेत की काय अशी शंका येते, आणि मग खुलाशासाठी नवा पत्रव्यवहार सुरू होतो. साहित्यात पुनरुक्ती टाळतात. इथे ती हवीच.

सर्वाधिक घोळ संदर्भांत होतो. ‘वाचा’ या शब्दाखाली जुन्या निर्णयांची यादी असते आणि मजकुरात नुसते ‘संदर्भ क्र. ३ मधील तरतुदीनुसार’ एवढेच येते. ते तिसरे पत्र कार्यालयात नसले, तर सूचना अर्धीच राहते. वर शुद्धिपत्रक निघते: ‘अमुक परिच्छेदातील तमुक मजकुराऐवजी असे वाचावे.’ दोन-तीन शुद्धिपत्रकांनंतर आज लागू असलेला मजकूर सलग कुठेच सापडत नाही. यावर उपाय आहे. जुनी परिपत्रके अधिक्रमित केल्याचे (म्हणजे त्यांची जागा नव्याने घेतल्याचे) स्पष्ट लिहून संपूर्ण सुधारित मजकूर पुन्हा द्यावा. कागद वाढतो, चुका कमी होतात.

नेमकेपणाचा नमुना कायद्यातच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक कार्यालयाला अधिसूचित सेवा, तिची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी जाहीर करावे लागतात. नागरिकासाठी फलकावर जेवढे स्पष्ट लिहिले जाते, तेवढे कर्मचाऱ्यासाठीच्या पत्रात क्वचितच असते.

परिपत्रके आता बहुधा व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आधी पोहोचतात, अनेकदा कागदाच्या छायाचित्राच्या रूपात. अशा छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा होतो आणि तक्ता पुन्हा टंकावा लागतो. युनिकोडमधला मजकूर मूळ फाइलसह पाठवला, क्रमांक, दिनांक आणि विषय फाइलच्या नावातच दिला, तर वर्षभराने लेखापरीक्षणाच्या वेळी तो काही क्षणांत सापडतो.