ओलीवर वॉटरप्रूफ रंग? आधी पाणी कुठून येतं ते बघा

भाड्याचं घर रिकामं झालं की ओल आलेल्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग मारायचा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. पाणी विटांमागून येत असतं. रंगाचा थर त्याची बाहेर पडायची वाट अडवतो, गिलाव्यात क्षार साचतात आणि काही महिन्यांत पोपडे धरतात. नवा भाडेकरू आल्यावरच, अर्थात!

आधी साधी तपासणी करा. साधारण ४५ सेंमी चौरस प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची, तिथे एक्झॉस्ट फॅन लागतो.

भिंतीतली असेल तर उगम शोधा: मागच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधे, ड्रेनेज पाइप, बाहेरच्या भेगा. तो बंद केल्यावर डागाच्या ३० सेंमी पलीकडपर्यंत गिलावा काढा. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा, कारण पाण्याने ते विरघळून पुन्हा आत जातात. वीट पूर्ण वाळू द्या. घाई इथेच नडते. नव्या सिमेंट गिलाव्यालाही रंगापूर्वी सुमारे २८ दिवस हवेत.