उन्हाळ्यातले लॉनचे रोग (मराठवाडा)

गरम आणि दमट दिवसांत हिरवळीवर येणारे बुरशीचे आजार म्हणजे हे रोग. नेहमी दिसणारे तीन-चारच: पिथियम ब्लाइट, डॉलर स्पॉट, ब्राउन पॅच आणि पानांवरचे ठिपके. गोल्फ कोर्ससारखी खास राखलेली हिरवळ मराठवाड्यात शोधावी लागते, लॉन मात्र तालुक्या-तालुक्याला आहे, कारण मंगल कार्यालयाच्या पाटीवर 'अँड लॉन्स' आता असतंच.

एप्रिल-मेमध्ये इथं पिवळं पडलेलं प्रत्येक लॉन रोगट नसतं, उलट बहुतेक वेळा नसतंच. पारा ४० च्या वर, हवा कोरडी, बुरशीला लागणारं ओलं पान मिळणार कुठून? तेव्हा कारण दुसरंच असतं. पाणी कमी पडतं (रोज ५ मिमी धरलं तरी गुंठ्याला ५०० लिटर, टँकरच्या गावात कोण देणार), नाहीतर बोअरचं पाणी खारं असतं, मग पानांची टोकं जळतात आणि मातीवर पांढरा थर धरतो, किंवा लग्नसराईत मांडव-खुर्च्या-पायांनी काळी माती दाबून टणक झालेली असते. मूठभर गवत धरून ओढायचं, सतरंजीसारखं उचलून आलं तर खाली हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे, तिथं बुरशीनाशक म्हणजे पैसे पाण्यात.

खरी बुरशी वळवाच्या पावसापासून पुढं सप्टेंबरपर्यंत. रात्र २० अंशांच्या वर आणि पान दहा-बारा तास ओलं, एवढं तिला पुरतं. आता थ्री फेज लाईट रात्रीची आली की मोटार रात्रीच चालू, म्हणजे ओली रात्र आपणच करून देतो. पाणी टाकीत भरून पहाटे सोडावं, रोज थोडंथोडं न देता दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात.

सगळ्यात वाईट पिथियम. काळपट, तेलकट डाग पडतात, सकाळी कापसासारखे तंतू दिसतात, आणि पाणी वाहतं त्या दिशेनं पट्टे सरकत एक-दोन दिवसांत गवत बसतं. याच्यावर कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही कारण ही खरी बुरशीच नव्हे, बुरशीसारखा दिसणारा दुसराच जीव आहे, मेटॅलॅक्सिलच्या गटातलं औषध लागतं, पण दुकानदार बरेचदा तेच ते पुडकं हातात देतो. डॉलर स्पॉट म्हणजे नाण्याएवढे वाळके ठिपके, नत्र कमी पडलं की वाढतो. पिथियम आणि ब्राउन पॅच उलटे, जास्त युरियावर माजतात, म्हणून पावसाळी उकाड्यात युरियाचा हात आखडता. ब्राउन पॅच मुळात फेस्क्यू, बेंटग्रास अशा थंड हवेच्या गवतांना जास्त धरतो, आपल्या हराळीला कमी. शेतकरी जिला शिव्या घालतो तीच हराळी उन्हाळ्यात सगळ्यात चिवट.

गोल्फवाले ग्रीनचं (चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवतीच्या हिरवळीचं) गवत ३-४ मिमीवर कापतात, खाली ३० सेंमी वाळूचा थर, पोकळ दातांनी भोकं पाडून हवा खेळवतात, आणि सकाळी दोर किंवा पाइप ओढून दव झाडतात. यातलं दव झाडणं फुकट आहे, दोघांनी दोर धरला की झालं, आणि काळ्या मातीवर भोकं पाडून वाळू भरणं एवढं तरी करावंच. कापताना उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये, पातं धारदार असावं, ओल्यात कापू नये. मशीन भाड्याची असेल तर आधी धुवून घ्यावी, ती काल कुणाच्या लॉनवर फिरली ते सांगता येत नाही.