मराठी गद्य इंग्रजांनी सुरू केले का?

‘इंग्रजांनी छापखाना आणला, तेव्हा मराठीत गद्य सुरू झाले, पेशवाईत नुसत्या आर्या, लावण्या नि पोवाडे’ असा मजकूर मिरज-सांगलीकडच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तसा समज होणे साहजिक आहे. शाळेत मराठी गद्याची ओळख बहुधा छापील पुस्तकांपासूनच होते, आणि विरामचिन्हे, परिच्छेद हे खरोखरच छपाईबरोबर रुळले.

पण गद्य त्याआधीचे. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले. ‘भाऊसाहेबांची बखर’ 1761 च्या पानिपतानंतर, छापील मराठी पुस्तक महाराष्ट्रात दिसण्याच्या कितीतरी आधी लिहिली गेली. आणि पत्रे! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पटवर्धनांच्या (मिरज-सांगलीकडच्या सरदार घराण्याच्या) दप्तरात छावणीतून घरी धाडलेली पत्रे आहेत: कुठे मुक्काम, दाणावैरण, पैशांची ओढ, मध्येच एखादा टोमणा. लिहिणारे स्वतःला लेखक म्हणवत नसतील, पण माझ्या मते त्या काळचे सर्वांत जिवंत मराठी तेच. ती पत्रे मोडी लिपीत असल्याने पुढच्या पिढ्यांच्या नजरेआड गेली, एवढेच.

पडताळा सोपा आहे. अशी पत्रे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेले संग्रह जुन्या वाचनालयांत मिळतात. पत्रावर शालिवाहन शकाचे वर्ष असेल तर त्यात 78 मिळवा (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत 79), की इसवी सन निघतो. तो 1818 च्या, म्हणजे पेशवाई बुडाल्याच्या, आधीचा की नंतरचा ते पाहा.

जाता जाता: खुद्द मिरजेत 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली होती, संस्थानिकांच्याच आश्रयाने.